तारा-क्विल्ट: अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या गोधड्या आणि त्यात शिवलेला इतिहास

सुईदोरा

शिवणकामाच्या जुन्या धाग्यावर मी लाकोटा लोकांच्या तारा-क्विल्टबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर दोघीतिघींनी माझ्या विचारपूस-पानावर विचारलं, म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मैदानी प्रदेशात, म्हणजे दोन्ही डकोटा राज्यं, मोंटाना, मिनेसोटा या पट्ट्यात लाकोटा, डकोटा, असिनिबोइन या मूळ लोकांच्या घरी एक नमुना हमखास दिसतो. पलंगभर पसरलेला, आठ टोकांचा एकच मोठा तारा. शंकरपाळ्याच्या आकाराचे शेकडो तुकडे जोडून तो बनतो. मध्यापासून टोकाकडे रंग बदलत जातो: पिवळा, नारिंगी, लाल, किरमिजी. नीट जमला तर तारा पेटल्यासारखा दिसतो. लाकोटांच्या लेखी हा पहाटेचा तारा, म्हणजे शुक्र.

कापडाच्या आधी हे लोक बायसनचं (तिथल्या रानगव्याचं) कातडं पांघरत आणि त्यावर रंगकाम करत. त्यातला एक नमुना म्हणजे पिसांची टोकं किरणांसारखी फाकलेलं वर्तुळ. आजच्या ताऱ्याशी त्याचं नातं जोडलं जातं, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर ते पटतं. पुढे कातड्यांच्या व्यापारासाठी बायसनची बेसुमार कत्तल झाली. लष्करातल्या अनेकांना ती हवीच होती, कारण बायसन संपले की या माणसांना सरकारने आखून दिलेल्या राखीव क्षेत्रात येऊन सरकारी शिध्यावर जगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जिथे कोट्यवधी जनावरं होती तिथे १८८०चं दशक संपताना मोकळे चरणारे काहीशेच उरले होते. कातडं गेलं आणि कापड आलं. मिशनरी बायकांनी चर्चच्या शिवणमंडळांत आणि शाळांत मुलींना तुकडे जोडायला शिकवलं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हे क्विल्ट ठेवायला शिवत नाहीत, द्यायला शिवतात. मूल झालं, मुलाला नाव मिळालं, मुलगी पदवीधर झाली, कोणी सैन्यातून परत आलं, की क्विल्ट खांद्यांवर पांघरतात. शवपेटीवरही तोच घालतात. घरातलं माणूस गेलं तर वर्षभर शिवत राहायचं आणि वर्ष झाल्यावर सगळं गोत जमवून वाटून टाकायचं. किती साठवलं यावर घराची पत ठरत नाही, किती दिलं यावर ठरते. मोंटानातल्या फोर्ट पेक राखीव क्षेत्रात तर शाळांच्या बास्केटबॉल स्पर्धांत क्विल्ट देण्याचा सोहळा असतो, आणि मान प्रतिस्पर्धी संघातल्या खेळाडूलाही मिळतो. सामना हरलात तरी क्विल्ट घेऊन घरी जाल!

याच फोर्ट पेकच्या आल्मिरा बफेलो बोन जॅक्सन (१९१७–२००४) या असिनिबोइन बाईंचे क्विल्ट आज वॉशिंग्टनच्या 'नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियन'च्या संग्रहात आहेत. फोटो मी इथे डकवत नाही, प्रताधिकाराचा प्रश्न येतो. संग्रहालयाच्या साइटवर त्यांचं नाव टाकून शोधा आणि रंग बघा.

आजच्या क्विल्ट-कलाकार सुझन हडसन यांच्याबद्दलही लिहायचंय, पण ते पुढच्या प्रतिसादात.

चिमणचारा

वाचतेय. पुढच्या भागाची प्रतीक्षा.

भोपळेचौक

लेख आवडला. तरी एक शंका, राग मानू नका. कापड गोऱ्यांचं, सुई गोऱ्यांची, शिकवणाऱ्याही गोऱ्या. माझ्या माहितीप्रमाणे हा आठ टोकांचा ताराही अमेरिकन बायकांच्या क्विल्टमध्ये आधीपासून होता. मग याला मूळ रहिवाशांची परंपरा का म्हणायचं? मिशनऱ्यांच्या शिवणवर्गाचं यश का म्हणू नये?

सुईदोरा

@भोपळेचौक, राग कसला, योग्य प्रश्न आहे. तारा आधीपासून होता हे खरंच. 'लोन स्टार', 'स्टार ऑफ बेथलेहेम' अशी त्याची नावं आहेत. पण शिवणवर्गात नमुने काही एकच नव्हते. चौकटी होत्या, टोपल्या, फुलं, लाकडी ओंडक्यांच्या झोपडीसारखी रचना. त्या ढिगातून या बायकांनी नेमका तारा उचलला, बाकीचे बहुतेक सोडून दिले, आणि पलंगावर अंथरण्याची वस्तू माणसाच्या खांद्यावर नेली. हे कुठल्या शिवणवर्गात शिकवलं होतं?

शिवाय काळ लक्षात घ्या. १८८३च्या सरकारी नियमांनी सूर्यनृत्यासारख्या विधींवर बंदी आणली होती. घरातल्या वस्तू वाटून टाकण्याच्या चालीलाही सरकारी एजंटांचा विरोध असे, कारण साठवायला आणि मालमत्ता करायला शिकवणं हाच तर त्यांचा कार्यक्रम होता. अशा वेळी चर्चच्या मंडळात बसून शिवलेला क्विल्ट वाटायला कोण हरकत घेणार?

नगरी

भोपळेचौक यांच्या प्रश्नाला आमच्या नगरचा एक धागा जोडता येईल.

बोस्टनमध्ये 'अमेरिकन बोर्ड' नावाची एक मिशनरी संस्था होती. तिची माणसं १८१३ साली मुंबईत पोचली. तेच पुढचं अमेरिकन मराठी मिशन. अहमदनगर हे त्यांचं मोठं ठाणं, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये तिथूनच सुरू झालं. याच बोर्डाची माणसं १८२० साली 'थॅडियस' जहाजातून हवाईला उतरली. आणि याच बोर्डाचे थॉमस विल्यमसन आणि स्टीफन रिग्ज १८३०च्या दशकात डकोटा लोकांत जाऊन राहिले. म्हणजे मुंबई-नगर, होनोलुलू आणि मिनेसोटा या तिन्ही ठिकाणचे अहवाल बोस्टनच्या एकाच कचेरीत जाऊन पडत.

सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या त्या याच बोर्डाकडून. पुढे त्यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण फॅरारबाईंकडे घेतलं असं चरित्रकार सांगतात. आता सावित्रीबाईंच्या कामाला कोणी अमेरिकन बोर्डाचं यश म्हणेल का? अक्षर तिथून मिळालं हे मान्य करायचं, आणि पुढचं काम ज्यांचं त्यांचं.

फरकही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल सगळे मिशनरी एका मापाने मोजले. फॅरारबाईंच्या शाळेतली मुलगी संध्याकाळी आपल्या घरी जायची, आपली भाषा बोलायची. अमेरिकेत पुढे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी ज्या निवासी शाळा निघाल्या तिथे मुलं घरापासून तोडली गेली.

अर्धीविजार

नगरी, जबरदस्त! बोस्टनच्या कचेरीचं माहीत नव्हतं.

अवांतर: आमच्याकडे आजीच्या नऊवारीच्या गोधडीवरून तीन मावश्यांत अजून बोलणं बंद आहे. वाटून टाकायची प्रथा इथेही आणा.

रेवाई

हवाईचं नाव निघालंच आहे तर माझी भर. चार वर्षं ओआहू बेटावर होते.

तिथली क्विल्टची सुरुवात तारखेनिशी सांगतात. ३ एप्रिल १८२० रोजी 'थॅडियस'च्या डेकवर मिशनऱ्यांच्या बायकांनी हवाईच्या राजघराण्यातल्या स्त्रियांबरोबर पहिलं शिवणमंडळ भरवलं. पण हवाईच्या बायका कोऱ्या पाटीच्या नव्हत्या. वाउके नावाच्या झाडाची साल कुटून त्या कापा नावाचं कापड बनवत आणि त्यावर ठसे उमटवत. त्यांनी काय केलं, तर अख्खं कापड आठ पदरी दुमडून एका दमात कापलं, उलगडलं, आणि ती आकृती दुसऱ्या रंगाच्या कापडावर टाचली. आपण पतंगाचा कागद दुमडून नक्षी कापतो तसं. फणसाच्या जातीतला ब्रेडफ्रूट, म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस, ही तिथली लाडकी आकृती. भोवतीचे टाके कडेला समांतर, एकाबाहेर एक, ओळीने पसरत जातात.

पण धाग्याचा विषय इतिहास आहे, तर मुद्द्याचे क्विल्ट दोन.

पहिला राणीचा. १७ जानेवारी १८९३ला अमेरिकन व्यापारी आणि बागाईतदारांच्या गटाने, किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकन नौसैनिकांच्या आधाराने, राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं. दोन वर्षांनी राणीच्या समर्थकांचा उठाव फसला, तेव्हा तिलाही पकडलं आणि तिच्याच इओलानी राजवाड्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत कोंडलं. वर्तमानपत्रं बंद. बागेतली फुलं मात्र येत, आणि ती ज्या कागदात गुंडाळलेली असत तो वर्तमानपत्राचाच कागद असे! त्या खोलीत राणीने सोबतिणीबरोबर एक 'क्रेझी क्विल्ट' शिवायला घेतला. रेशमाचे, फितींचे वेडेवाकडे तुकडे, मधल्या चौकोनात हवाईचे झेंडे, आणि कैद कधी सुरू झाली, शिवण कधी सुरू केली, हे भरतकामात लिहिलेलं. तिच्याशी एकनिष्ठ राहिलेल्या माणसांची नावंसुद्धा. तो आज त्याच राजवाड्यात काचेमागे आहे. लोक राजवाड्याचे आरसे बघत पुढे जातात. मी त्या काचेपाशी अडकले ती मैत्रिणीने ओढून नेईपर्यंत.

दुसरा झेंड्याचा क्विल्ट. चार बाजूंना चार हवाईयन झेंडे, मध्ये राजचिन्ह, आणि अनेकदा 'कु उ हाए अलोहा' ही अक्षरं, म्हणजे 'माझा लाडका झेंडा'. असे क्विल्ट १८९३च्या आधीही होत, पण राज्य गेल्यावर त्यांना वेगळंच वजन आलं. १२ ऑगस्ट १८९८ला राजवाड्यावरचा झेंडा उतरवून अमेरिकेचा चढवला. काही घरांत हा क्विल्ट चार खांबांच्या पलंगाच्या छताला आतून लावत, म्हणजे झोपताना आणि उठताना डोक्यावर आपलाच झेंडा. गंमत बघा, तोच झेंडा आज हवाई राज्याचा अधिकृत झेंडा आहे.

भोपळेचौक

माझा प्रश्न मी मागे घेत नाही, पण उत्तरं भारी येताहेत म्हणून अजून एक टाकतो. राणीने कैदेत क्विल्ट शिवला, ठीक. पण हे सगळं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. आजच्या कलाकार नुसती आठवण काढताहेत की काही नवं करताहेत?

सुईदोरा

सुझन हडसन यांच्यासाठी याहून चांगली खुर्ची कोणी मांडली नसती. :)

हडसन या नावाहो जमातीच्या; हे लोक स्वतःला दिने म्हणतात. त्यांच्या घरात शिवण आली ती निवासी शाळेतून. त्यांच्या आईला शाळेत सक्तीने शिवायला बसवत. त्या काळच्या अशा शाळांत अर्धा दिवस धडे आणि अर्धा दिवस काम असे; मुलींच्या वाट्याला शिवण, धुणी, स्वयंपाकघर. शाळेचाच खर्च त्यातून भागायचा. अशा पहिल्या मोठ्या शाळेचं, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलचं, वर्ष १८७९. स्थापणारा रिचर्ड प्रॅट हा लष्करी अधिकारी. अमेरिकेच्या 'डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर' या सरकारी खात्याने २०२४च्या अहवालात १८१९ ते १९६९ या काळातल्या ४१७ शाळा आणि किमान ९७३ मुलांचे मृत्यू नोंदले आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी अधिकृत माफी मागितली.

हडसन आधी तारा-क्विल्टच शिवत. पुढे त्या चित्र-क्विल्टकडे वळल्या, आणि त्यासाठी त्यांनी लेजर आर्टची धाटणी उचलली. ही लेजर आर्ट काय ते सांगायलाच हवं. १८७५ साली दक्षिण मैदानांतल्या शायेन, कायोवा वगैरे ७०हून अधिक माणसांना फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियन किल्ल्यात कैदी म्हणून नेलं. तिथे त्यांना कागद, रंग आणि हिशेबाच्या वह्या (लेजर) मिळाल्या, आणि पूर्वी कातड्यावर काढायचे ते घोडेस्वार, शिकारी, लढाया त्यांनी त्यावर काढल्या. जमाखर्चाच्या रेघांवरून घोडे दौडताहेत! त्या किल्ल्यावर कैद्यांची देखरेख करणारा अधिकारी कोण होता? तोच प्रॅट. कार्लाइलची कल्पना त्याने इथूनच नेली.

आता हडसन यांनी काय जोडलं ते पाहा. किल्ल्यातल्या कैद्यांची चित्रशैली आणि शाळेतल्या कैदी मुलींची शिवण, दोन्ही एकाच माणसाच्या सावलीतल्या. त्या एकत्र करून त्या निवासी शाळांवर क्विल्ट करतात, १८६४च्या लाँग वॉकवर करतात (त्या वर्षी हजारो नावाहोंना पायी चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोला नेलं, १८६८च्या तहानंतर ते आपल्या मुलखात परतले, आणि तेवढ्यात किती तरी मेले). बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या मूळनिवासी स्त्रियांवरच्या त्यांच्या क्विल्टच्या नावातच '१४९२पासून', म्हणजे कोलंबस आला तेव्हापासून, असं आहे. एका आकड्यात त्यांनी सगळा युक्तिवाद संपवला. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेची 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' मिळाली.

तर @भोपळेचौक, नुसती आठवण नाही. आईला ज्या कामासाठी कोंडून बसवलं, त्याच कामातून लेक त्या कोंडण्याचा दाखला तयार करते आहे. यापेक्षा नवं काय हवं?

भोपळेचौक

प्रॅटचा धागा माहीत नव्हता. हे मात्र पटलं. बाकी शंका राखून ठेवतो, सवयीने.

मिनेसोटाकर

उशिरा आलो. मी मिनेसोटातल्या मॅनकेटो गावापासून तासाभरावर राहतो, त्यामुळे इथलं थोडं.

१८६२ साली डकोटांना तहाप्रमाणे मिळायचे पैसे आणि धान्य वेळेवर मिळालं नाही, उपासमार झाली, युद्ध पेटलं. सहा आठवड्यांत ते संपलं. मग लष्करी आयोगाने काही काही खटले मिनिटांत उरकत ३०३ जणांना फाशी सुनावली. लिंकनने यादी कमी केली, आणि २६ डिसेंबर १८६२ला मॅनकेटोत ३८ जणांना एकाच वेळी फासावर चढवलं. अमेरिकेतली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. त्यातला एक जण तर ज्याची शिक्षा लिंकनने माफ केली होती तो. नावांच्या घोळात त्यालाही चढवलं. पुढच्या वर्षीच्या कायद्याने डकोटांना मिनेसोटातून हद्दपार केलं.

नगरी यांनी ज्यांचा उल्लेख केला ते विल्यमसन मॅनकेटोच्या तुरुंगात कैद्यांमध्ये काम करत होते. कैद्यांनी तिथे आपल्याच डकोटा भाषेत लिहायला-वाचायला शिकून घरी पत्रं लिहिली. म्हणजे बोस्टनचं अक्षर इथेही कामाला आलं, असं म्हणा.

ग्वेन वेस्टरमन या डकोटा कवयित्री मॅनकेटोच्याच विद्यापीठात इंग्रजी शिकवत. २०२१ मध्ये त्या मिनेसोटाच्या राज्यकवी झाल्या. त्या कलाक्विल्टही करतात. त्यांच्या एका क्विल्टचं नाव 'चास्केज पार्डन', म्हणजे चास्केला मिळालेली माफी. वर ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस. इतिहासाच्या पुस्तकात हा घोळ एका वाक्यात उरकतात. क्विल्टवर तसं उरकता येत नाही, एकेक टाका घालत त्या माणसाजवळ महिनोन्‌महिने बसावं लागतं.

चिमणचारा

आता कळीचा प्रश्न. मला असा तारा शिवायचाय! भाचीला बाळ होणार आहे. शिवला तर चालेल का? की ती त्यांची वस्तू ढापल्यासारखं होईल? आणि शिवायचा कसा?

मिनेसोटाकर

आधी कायद्याचं. १९९०च्या 'इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स अ‍ॅक्ट'प्रमाणे जे मूळ रहिवाशांनी बनवलेलं नाही ते त्यांनी बनवलेलं म्हणून विकणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भाचीच्या बाळाला दिल्याने कोणी पकडणार नाही, घाबरू नका. पण फेसबुकवर 'अस्सल लाकोटा क्विल्ट' असं लिहून विकायला काढू नका. विकत घ्यायचा असेल तर शिवणाऱ्या बाईचं नाव आणि तिची जमात विचारा. खरी विक्रेती अभिमानाने सांगते.

सुईदोरा

चिमणचारा, आठ टोकांचा तारा कोणीही शिवावा, तो सगळ्यांच्याच घरी होता. आपला नमुना 'लोन स्टार' म्हणून शिव. खांद्यावर पांघरून सन्मान करण्याचा जो विधी आहे तो त्यांचा, त्याची नक्कल बारशात नको. असं माझं मत, कोणी खोडून काढलं तरी चालेल.

आता कृती, थोडक्यात. मोठे शंकरपाळे आठ. प्रत्येकात सात गुणिले सात असे ४९ छोटे धरले तर एकूण ३९२ तुकडे. ते एकेक कापत बसू नकोस, वेड लागेल. वेगवेगळ्या रंगांच्या सात पट्ट्या पायरीपायरीने सरकवून एकमेकींना जोड, मग त्या जोडाला ४५ अंशांत तिरप्या पट्ट्या काप. या तिरप्या पट्ट्या पुन्हा जोडल्या की एक मोठा शंकरपाळा तयार. अशा सात वेगवेगळ्या जोडण्या लागतात, रंगांचा क्रम आधी चौकटीच्या कागदावर रंगवून घे.

खरी कटकट कडेची. तिरपं कापलं की कड उरेब होते आणि हात लावताच ताणते. कापण्याआधी कापडाला खळ देऊन कडक इस्त्री कर. इस्त्री ओढायची नाही, उचलून ठेवायची. शिवणीला पाव इंच सोड आणि सगळीकडे तेवढंच सोड; केसाइतका फरकही आठ वेळा जमा होऊन मध्यावर डोंगर उभा राहतो. तो एकदा आला की क्विल्ट कधीच सपाट बसत नाही.

अर्धीविजार

३९२ तुकडे?? मी आजीचीच गोधडी पळवतो.

चिमणचारा

@सुईदोरा, बाळासाठी इतका मोठा नको. पाच गुणिले पाच घेतले तर २०० तुकडे, बरोबर? आणि मध्यावरच्या आठ शिवणी इस्त्रीने कुठल्या बाजूला पाडायच्या?

सुईदोरा

२०० बरोबर. पट्ट्या पाच आणि जोडण्याही पाच. मध्यावरच्या शिवणी सगळ्या एकाच दिशेला पाड, भोवऱ्यासारख्या फिरत्या, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही. चार कोपऱ्यांतले चौकोन आणि बाजूंचे त्रिकोण सगळ्यात शेवटी बसव, आणि ते कागदावरच्या मापाने कापू नकोस. आधी तारा जोडून पूर्ण कर, त्याची कड मोज, मग काप.